सगुणाबाईच्या मापाचा ओटा

बोरखेडीच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सगुणाबाईंना दोन गोष्टी अजिबात खपत नसत. एक म्हणजे खिचडीत कच्चा राहिलेला वाटाणा, आणि दुसरी म्हणजे "तुमी बसा, मी करते" असं कुणी म्हणणं. पहिल्या चुकीबद्दल त्या दिवसभर स्वतःलाच बोल लावत. दुसऱ्या चुकीबद्दल समोरच्याची खैर नसे. वय एकोणसत्तर, अंगावर मूठभर मांस, पण आवाज असा की त्यांनी शेडातून हाक मारली की चौथीची पोरं ताटल्या घेऊन उभी राहत आणि गुरुजींचा फळ्यावरचा हात तसाच थांबे. अठरा वर्षं शाळेची चूल त्यांनीच पेटवली होती. त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली, आता स्वतः बाप झालेली माणसंसुद्धा त्या रस्त्यात दिसल्या की नकळत आपले हात धुतलेले आहेत का ते बघत.

नवरा किशनराव मिस्त्री, म्हणजे गवंडी. त्यांचं सगळं उलट. दिवसाकाठी दहा शब्द बोलले तर त्यातले सहा विटांबद्दल असायचे. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या होत्या, आणि सत्तरी ओलांडली तरी त्यांची थापी सुटली नव्हती. मुलगा नागसेन पुण्याला कंपनीत होता. सून सुकेशनी गावची आशाताई, त्यामुळे सरकारनं आरोग्याचं जे जे काम काढावं ते सगळं तिच्या गळ्यात. सासू-सुनेचं चांगलं जमायचं. दोघींनाही कामचुकार माणसाचा राग होता, एवढं कारण त्यांना पुरे होतं.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात शाळा बंद झाली, पण सगुणाबाई बंद झाल्या नाहीत. रोज सकाळी पदर खोचून त्या शेडात जायच्या. चूल सारवायच्या, उंदरांच्या लेंड्या झाडायच्या, भांडी पुसून जागच्या जागी ठेवायच्या. पोरं उद्या आली तर फजिती नको, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यातल्या एका सकाळी माळ्यावरचं सगळ्यात मोठं पातेलं काढायला त्या उलट्या बादलीवर चढल्या. बादली सरकली. आधी सगुणाबाई पडल्या आणि त्यांच्यामागून पातेलं पडलं, त्याचा आवाज वेशीपर्यंत गेला. लोक धावत आले तेव्हा त्या जमिनीवर पडल्या पडल्या पातेल्याला पोचा आला का ते चाचपत होत्या.

"उलसं मुरगळलंय," त्यांनी जाहीर केलं. "हळद लावा, व्हईल बरं."

पण पाय जमिनीला टेकवेना. उठून बसलं तरी जीव डोळ्यांत यायचा. सुकेशनीनं पहिल्याच दिवशी दवाखान्याचं नाव काढलं, तर सगुणाबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की काही विचारू नका. त्या दिवसांत गावोगावी एकच बोलणं होतं. दवाखान्यात गेलेलं माणूस चालत जातं आणि प्लास्टिकात गुंडाळून येतं, घरच्यांना तोंडसुद्धा दाखवत नाहीत. "मला मरायचं तर माझ्या घरात मरंन. प्लास्टिकात बांधून घ्यायची हौस न्हाई मला," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. परसाकडंला उठावं लागू नये म्हणून दोन दिवस त्यांनी पाणीसुद्धा घोटाघोटानं प्यायलं. भर उन्हाळ्यात ओठ फुटले, पण बाईनं घोटाच्या वर पाणी घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी किशनराव लिंबाजीला घेऊन आले. लिंबाजी पंचक्रोशीत हाडं बसवायचा. त्याचा बापही बसवायचा. सगळ्यांना वाटलं, आता हा बांबूच्या कांबट्या बांधणार. लिंबाजीनं पाय नुसता बघितला. दोन्ही टाचा जवळजवळ धरल्या, आणि हात काढून घेतला.

"मिस्त्री, हे माझं काम न्हाई," तो म्हणाला. "पाय आखूड झालाय, पंजा भाईर वळलाय. खुबा मोडलाय. मी हात लावला तर पाप लागंल मला."

खुबा मोडला म्हणजे काय, हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. प्रत्येकीच्या घरात एखादी आजी, एखादी चुलती खुबा मोडून खाटेवर पडली होती आणि तिथंच संपली होती. एकीनं डोळ्याला पदर लावला. तो पदर सगुणाबाईंनी बघितला. त्यांनी सुकेशनीला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बोलाव तुजी ती दवाखान्याची गाडी." जन्मात पहिल्यांदा त्यांना भीती वाटली होती, आणि ती मरणाची नव्हती. पडून राहायची होती.

परभणीच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात त्यांना खाट मिळाली, आणि सोबत आलेले किशनराव बाहेर व्हरांड्यात राहिले. नाकात काडी घालून करोनाची तपासणी झाली आणि तिचा निकाल येईपर्यंत थांबायचं ठरलं. शेजारच्या खाटेवर सोनपेठकडच्या कडूबाई होत्या. वय सत्तरच्या पुढं, हातात सोन्याच्या पाटल्या, घरी मोठी शेती. त्याही अंगणात घसरून पडल्या होत्या, त्यांचाही खुबाच. दोघी छताकडं बघत एकमेकींशी बोलायच्या, कारण कुशीवर वळायची सोय नव्हती.

"कुणाच्या तुमी?" कडूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. हा प्रश्न आपल्याकडं नुसता नावासाठी विचारत नाहीत.

"बोरखेडीच्या किशन मिस्त्रीची. जयभीमवाले आमी," सगुणाबाईंनी एका दमात सांगून टाकलं.

कडूबाईंनी हातातल्या पाटल्या मागंपुढं केल्या. मग म्हणाल्या, "शाळेत खिचडी करता म्हणं? वाटाणा कधी भिजवता, सकाळी का आदल्या दिशी?"

झालं, तिथून जी गाडी लागली ती थांबेना. वाटाणा, फोडणी, सुनांचे हात, नातवंडांची खोडी. दुपारी उकाड्यानं जीव कासावीस झाला तेव्हा कडूबाईंनी सगुणाबाईंच्या बाटलीतलं पाणी मागून घेतलं आणि घटाघटा प्यायलं. संध्याकाळपर्यंत ठरलं की शाळा उघडली की कडूबाईंनी बोरखेडीला यायचं आणि पोरांच्या पंगतीत बसून खिचडी खायची.

डॉक्टरीणबाई दिवसातून दोनदा यायच्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा प्लास्टिकचा झगा, वर चष्मा, त्यावर आणखी एक काच. सगुणाबाईंना शेवटपर्यंत त्यांचं तोंड दिसलं नाही, पण आवाज पक्का ओळखीचा झाला.

"मावशी, खुब्याच्या वाटीतला गोळा मोडलाय. तो काढून नवा बसवायचा. कमरेखाली बधिर करू, तासाभराचं काम आहे."

"आन करोना लागला तर?"

"लागू शकतो. खोटं सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण झोपून राहिलात तर फुप्फुसात कफ साठतो, पाठीला जखमा होतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. करोनाच्या भीतीनं लोक घरी थांबतात आणि खाटेवर जातात. मला तुम्ही ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभ्या पाहिजेत."

हे सगळं कडूबाईंनीही ऐकलं होतं. त्या तयार होत्या. पण त्यांना कुणी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान आबासाहेब आणि मुलगा महारुद्र गाडी घेऊन आले. शेजारच्या इमारतीत करोनाचे पेशंट आहेत हे त्यांनी ऐकलं होतं, आणि आईला इथं एक घडीही ठेवायची त्यांची तयारी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, हात जोडले, शेवटी कागदावर सही घेतली. माणसं वाईट नव्हती. महारुद्रनं आईला लेकरासारखं उचललं आणि म्हणाला, "घरी लय माणसं हायेत सेवेला. आईला जागचं हलू द्यायचो न्हाई आमी." जाता जाता त्यानं किशनरावांचा नंबर घेतला, कारण कडूबाईंनी तसा हट्टच धरला होता.

"खिचडी राहिली गं तुजी," स्ट्रेचरवरून कडूबाई म्हणाल्या.

"राहिली कशानं? शाळा उघडू दे," सगुणाबाई म्हणाल्या.

सगुणाबाईंचा निकाल चांगला आला. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी खरोखरच दोन नर्सनी धरून त्यांना उभं केलं. पुढं ॲल्युमिनियमचा वॉकर, चार पायांचा. त्या चार पावलं चालल्या, चक्कर आली, बसल्या, पुन्हा तीन पावलं चालल्या. सहाव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी कागद दिला आणि तोंडानंही सांगितलं. दिवसातून तीन-चार वेळा चालायचं. पायावर पाय टाकायचा नाही, खाली मांडी घालायची नाही, उकिडवं तर कधीच बसायचं नाही.

"किती दिवस?" सगुणाबाईंनी विचारलं.

"कायमचं, मावशी. नाहीतर सांधा निखळेल."

शाळेची चूल जमिनीवर होती. अठरा वर्षं सगुणाबाईंनी तिच्यापुढं उकिडवं बसून खिचडी हलवली होती. डॉक्टरीणबाईंना हे कुठून ठाऊक असणार? सगुणाबाईंनी कागदाची घडी केली आणि परभणीपासून गावापर्यंत ती मुठीत धरून ठेवली.

गावात गाडी शिरली आणि घराकडं वळायच्या ऐवजी शाळेपुढं थांबली. फाटकात सुकेशनी उभी होती, तोंडाला मास्क, हातात वही. बाहेरगावाहून येणाऱ्यानं चौदा दिवस शाळेत राहायचं, असा गावाचा ठराव होता आणि तो पाळून घ्यायचं काम आशाताईचं होतं. पुण्याहून, औरंगाबादहून आलेल्या कितीतरी लोकांना तिनं याच फाटकातून आत घातलं होतं. त्यातल्या काहींनी तिला शिव्याही दिल्या होत्या. आता अख्खं गाव दारांतून बघत होतं की आशाताई स्वतःच्या सासूचं काय करते.

"आत्या, मामा, चौदा दिवस," सुकेशनी म्हणाली. तिनं वही छातीशी घट्ट धरली, पण ती बाजूला सरली नाही.

"सून न्हाई ही, पोलीस हाय," सगुणाबाई किशनरावांना म्हणाल्या, सुनेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आणि त्यांनी तिच्याशी अबोला धरला.

दुसरीचा वर्ग त्यांना मिळाला. दोन खाटा, एक पंखा, भिंतीवर बाराखडी. किशनरावांनी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून खाली बादली ठेवली, म्हणजे संडासची सोय झाली. ह्या माणसानं पन्नास वर्षांत स्वतःच्या हातानं चहाचा कप धुतला नव्हता. आता तो बायकोची बादली उचलत होता आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हता. सगुणाबाईंना त्याची एवढी लाज वाटायची की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

पण चालायला मात्र त्या तयार होईनात. वॉकर भिंतीला टेकून उभा होता, तिथून हलला नाही.

सुकेशनी सकाळ-संध्याकाळ फाटकावर डबा ठेवून दूर उभी राहायची आणि ओरडून सांगायची, "आत्या, आज किती पावलं झाली?" उत्तर नाही. पहिल्याच दिवशी गावातल्या बायका भेटायला आल्या. आजाऱ्याला भेटायला जायचं नाही हे कुणाला जमणार? त्या कुंपणाच्या भिंतीपलीकडं ओळीनं उभ्या राहिल्या, बिस्किटांचे पुडे भिंतीवर ठेवले आणि एका सुरात ओरडल्या, "झोपून ऱ्हा गं माय! अजिबात हालू नको! हाड जुळू दे!" पुडे किशनरावांनी दिवसभर उन्हात ठेवले आणि मग आत आणले. बायकांचा सल्ला मात्र तसाच आत आला.

तिसऱ्या दिवशी सुकेशनीचा धीर सुटला. "आत्या, माझ्यावरचा राग पायावर कामून काढायलाव?" ती फाटकाची जाळी धरून म्हणाली. "मला शिव्या द्या. पण उठा. तुमी अशाच राहिलाव तर मी काय तोंड दावू नागसेनला?" ती रडायला लागली. भर उन्हात फाटकाशी उभी राहून, सगळ्या गावादेखत.

सगुणाबाईंना गलबलून आलं. सुनेवरचा राग तर कालच उतरला होता. खरं काय ते त्यांनी किशनरावांना सांगितलं. "चालून जाऊ कुठं? उकिडवं बसायचं न्हाई म्हणल्यावर चूल गेली. चूल गेल्यावर मी काय, ह्या खाटेवरून त्या खाटेवर जायला चालू?"

किशनरावांनी खिडकीतून शेडाकडं नजर टाकली.

पाचव्या दिवशी दुपारी महारुद्रचा फोन आला. किशनरावांनी ऐकून घेतलं, दोन-तीनदा "अरे अरे" म्हणाले आणि फोन ठेवला. कडूबाई गेल्या होत्या. छातीत कफ भरला, ताप चढला, दोन दिवसांत आटोपलं.

"आनखी काय म्हणला लेकरू?" सगुणाबाईंनी विचारलं.

"रडायलता. म्हणला, लय सेवा केली. पाणीसुदीक चमच्यानं पाजलं. जागचं हलू दिलं न्हाई."

सगुणाबाई भिंतीवरच्या बाराखडीकडं बघत राहिल्या. एका उन्हाळी दुपारी आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलेली बाई त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या रडल्या, चांगल्या मोकळ्या आवाजात रडल्या. मग नाक पुसून त्यांनी भिंतीला टेकलेल्या वॉकरकडं बघितलं. पण तो मागायला जीभ रेटेना, कारण इतके दिवस नको म्हणून आता मागायचा कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतात तर किशनराव खाटेवर नाहीत. शेडाकडून विटा आपटल्याचा आवाज येत होता. शाळेच्या कुंपणाच्या कामातून उरलेल्या विटा मागं पडून होत्या. मिस्त्रींनी गुरुजींना फोन करून विचारलं होतं, आणि सुकेशनीकडून थापी, ओळंबा आणि सिमेंटची गोणी फाटकावर मागवली होती. थोड्या वेळानं ते दारात आले, हाताला चिखल.

"जरा उभी राहा. माप पाहिजे," ते म्हणाले.

"कशाचं माप?"

"चुलीचं. ओट्यावर घेतो. उभ्यानं हलवायची खिचडी."

सगुणाबाईंनी पदर खोचला. त्या म्हणाल्या, "तो घोडा आना हिकडं." घोडा म्हणजे वॉकर. त्या उभ्या राहिल्या, दारापर्यंत गेल्या, चौकटीला धरून थांबल्या. किशनरावांनी कमरेपासून जमिनीपर्यंत दोरी धरली, गाठ मारली आणि निघून गेले.

दिवसभरात त्यांनी विटांचा एक थर लावला. एकच. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. "दोरीनं नीट कळंना. हितं येऊन पातेल्यापाशी उभी राहिलीस तर बरं." वर्गापासून शेड बावीस पावलांवर. सगुणाबाईंना ती बावीस पावलं चालायला किती वेळ लागला ते विचारू नका, पण त्या पोचल्या. रिकाम्या पातेल्यात मोठा सराटा घालून त्यांनी हलवून दाखवलं. "लय खाली व्हायलंय," त्या म्हणाल्या. किशनरावांनी आणखी एक थर लावला. एकच. आणि घाम पुसत बसून राहिले.

आता मात्र सगुणाबाई नवऱ्याच्या हातांकडं बघत राहिल्या. ह्या माणसानं तरणेपणी एका दिवसात पुरुषभर भिंत उभी केली होती. अगदी गेल्या दिवाळीत एका सकाळी सहा थर लावून जेवायला आला होता. आणि आज एका थराला दिवस? हात थकले ह्यांचे, त्यांच्या मनात आलं. दवाखान्यातली जागरणं, माझं सगळं उचलणं, त्यानं माणूस खचला. तसं बोलून दाखवायचं नसतं. पण तिसऱ्या दिवशी हाक यायच्या आधीच त्या शेडात हजर झाल्या.

"आवं, वीट तरी हातात देते. तुमी बसा, मी करते," त्या म्हणाल्या.

एका हातानं वॉकर धरून, दुसऱ्या हातानं एकेक वीट शेडाच्या कट्ट्यावरून उचलून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली. किशनराव वीट घ्यायचे, उलटी करून बघायचे, परत लावायचे, ओळंबा सोडायचे, एक डोळा मिटून बघायचे, पुन्हा काढायचे. असले नखरे सगुणाबाईंनी त्यांच्यात कधी बघितले नव्हते. सकाळी एक फेरी, दुपारी एक, ऊन उतरल्यावर दोन. फाटकावरून सुकेशनी विचारायची, "आत्या, किती पावलं?" आणि आता उत्तर यायचं, "मोजायला कुणाला सवड हाय? तुज्या सासऱ्याचं काम उरकंना!" सुकेशनी तोंडाला पदर लावून हसायची. अबोला केव्हा सुटला ते दोघींपैकी कुणालाच कळलं नाही.

भिंतीपलीकडच्या बायका ओरडायच्या, "अगं झोप की माय!" सगुणाबाई ओरडून सांगायच्या, "एक बाई झोपली व्हती. गेली."

चौदाव्या दिवशी ओटा झाला. वर चूल, चुलीवर पातेलं, आणि पातेल्याचा काठ सगुणाबाईंच्या बरोबर कमरेला. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी येऊन टाके काढले. सुकेशनीनं वहीत दोन नावांपुढं खूण केली आणि फाटक सताड उघडलं. घरापर्यंत गाडी आणू का म्हणून कुणीतरी विचारलं, तर सगुणाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गर्दीत मागं सरला. शाळेपासून घरापर्यंत त्या चालत गेल्या, मारुतीच्या पारापाशी एकदा थांबून. गावातली माणसं आपापल्या दारांत उभी होती. खुबा मोडलेलं माणूस पायावर घरी येताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

शाळेत पुन्हा चूल पेटायला मात्र पावणेदोन वर्षं लागली. तोपर्यंत वॉकर जाऊन काठी आली होती आणि तीही बऱ्याचदा दाराशीच विसरायची. पहिल्या दिवशी पोरं ताटल्या घेऊन बसली. त्यातली निम्मी लेकरं शाळेत नवीन होती. त्यांना उभ्यानं खिचडी हलवणारी सगुणाबाईच ठाऊक झाली, बसलेली त्यांनी बघितलीच नाही.

त्यानंतर आठवडाभरानं एक गाडी फाटकापुढं थांबली. महारुद्र उतरला. तो थकलेला दिसत होता. हातात वाटाण्याची थैली होती.

"मावशी, आईला बोलावलं व्हतं तुमी. पोरांच्या पंगतीत."

"व्हय रे बाबा."

"तिच्या जागी मी आलो तर चालंल का?"

तो पोरांच्या ओळीत मांडी घालून बसला. सगुणाबाईंनी स्वतःच्या हातानं वाढलं. पहिल्या घासाला त्याचे डोळे भरले, पण त्यानं ताटली स्वच्छ केली, वर आणखी मागून घेतली. मग हात धुऊन तो ओट्यापाशी आला आणि खाली बघत म्हणाला, "आबा पडले मावशी, पंधरा दिस झाले. गोठ्यात. खुबाच. पण ह्या बारीला थांबलो न्हाई आमी. दुसऱ्याच दिशी ऑपरेशन केलं. पायसुदीक टेकवला त्यांनी दवाखान्यात. पण घरी आल्यापसून उठंनात. म्हणतात, तुजी आई गेली, आता उठून मी काय करू? तुमी उलसं बोलता का?"

त्यानं फोन लावून दिला. सगुणाबाईंनी तोंड भरून बोलायची तयारी केली होती, पण पलीकडून आबासाहेबांचा बसका आवाज आला, "बाई, तुमी चालायलाव म्हणं?" आणि सगुणाबाईंनी ओट्याचा काठ धरला. "चालायले," एवढंच त्या म्हणाल्या, "कडूबाईच्या वाट्याचंबी चालायले." पलीकडं आबासाहेब रडायला लागले. सगुणाबाईंनी फोन मिस्त्रींच्या हातात दिला.

शेडाच्या कडेला बसलेल्या किशनरावांनी मग बोलू म्हणून फोन बंद केला आणि महारुद्रलाच विचारलं, "पडायच्या आधी दिवसभर कुठं असायचे वडील?"

"गोठ्यातच. बैलांपाशी."

"गव्हाण कशी हाय?"

"जुनी हाय. फुटलीय."

"मग नवी बांधायला काढू. बैलाच्या तोंडाला किती उंच पाहिजे ते तेच सांगतील, दुसऱ्याला जमायचं न्हाई. माप द्यायला त्यांना गोठ्यात यावं लागंल." किशनराव उठून उभे राहिले, गुडघे झटकले. "मी येतो उद्या थापी घेऊन."

महारुद्रच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत कधी दिसलं नसेल असं हसू आलं. "किती दिवसांचं काम हाय मिस्त्री?"

"तसं सकाळचं हाय," किशनराव म्हणाले. "पण रोज एकच थर लावायचा. माणूस चालाय लागलं की मग उरकायचं."

सगुणाबाईंच्या हातातला सराटा थांबला.

पावणेदोन वर्षं त्या ह्या माणसाला दुधावरची साय वेगळी काढून देत होत्या. हात थकले म्हणून बांधकामाच्या परांचीवर चढू देत नव्हत्या, लोकांची कामं परस्पर नाही म्हणून सांगत होत्या. आजवर कुणाला बोलल्या नव्हत्या, पण ह्या माणसाचं वय झालं ह्या काळजीनं कितीदा त्यांचा जीव खालीवर झाला होता.

"आवं," त्या म्हणाल्या, आणि शेडातल्या सगळ्या पोरांनी ताटल्यांवरून माना वर केल्या, "म्हंजी माज्या बारीलाबी तुमी..."

किशनराव कान खाजवत फाटकाकडं बघू लागले. आज त्यांचे दहा शब्द केव्हाच संपले होते.

सगुणाबाईंनी पदरानं डोळे पुसले, नवऱ्याला उद्देशून गावात कुणी ऐकली नसेल अशी एक शिवी घातली, आणि ओट्याला टेकून, त्यांच्याच कमरेच्या मापाच्या त्या ओट्याला टेकून, पोट धरून हसायला लागल्या. मग महारुद्रला म्हणाल्या, "घेऊन जा ह्यांना उद्या. आन ऐक, मीबी येते. विटा कोण देणार हातात?"